न दिलेले स्वर

(एका स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, ते पेटी वाजवायचे, शिकवायचे आणि पंचक्रोशीतल्या नादुरुस्त पेट्या उघडून बसायचे. त्यामुळे या व्यासपीठावरून नाट्यसंगीतावर बोललं गेलंय, साथसंगतीवर बोललं गेलंय, पेटीवादक गोविंदराव टेंब्यांवर तर भरभरून बोललं गेलंय. मी ‘माऊथ ऑर्गन’ हा विषय कळवला तेव्हा संयोजक ‘विषय वेगळा आहे’ एवढंच म्हणाले. सभ्य माणसं आहेत. जत्रेत शिट्टी आणि भिंगरीच्या शेजारी टांगलेल्या वस्तूवर हा गृहस्थ तासभर काय बोलणार, असं त्यांच्या मनात आलं असेल, तर मी त्यांना दोष देणार नाही.

पण पेटीचं झाकण काढून आत डोकावलेल्या माणसाला हा विषय परका वाटू नये. आत पितळी पट्ट्यांची, म्हणजे रीड्सची, जी रांग दिसते, तीच पट्टी लहान होऊन माऊथ ऑर्गनमध्ये बसलेली असते. एका टोकाला पक्की, दुसऱ्या टोकाला मोकळी, आणि खालच्या खाचेपेक्षा केसभर अरुंद. हवेचा दाब आला की ती खाचेतून आरपार झुलते आणि सूर देते. सूर चढवायचा तर मोकळ्या टोकाशी हलक्या हातानं घासायचं, उतरवायचा तर बुडाशी घासायचं. पेटी लावणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, आणि जर्मनीतल्या कारखान्यात हार्मोनिका, म्हणजे माऊथ ऑर्गन, लावणाऱ्या कामगाराचं कसबही हेच. बासरीसारखा नळीच्या लांबीवर या वाद्यांचा सूर ठरत नाही. तो पट्टीची लांबी, जाडी आणि ताठरपणा यांवर ठरतो. एकदा लावला की लावला.

म्हणून तर पेटीवर तो जुना आरोप आहे: हिला मींड येत नाही. दोन स्वरांच्या मधल्या जागेत तिला जाता येत नाही. या आणि अशा आरोपांपायी १९४० साली रेडिओवर पेटीला बंदी झाली आणि ती सैल व्हायला तीन दशकं जावी लागली.

आता नवल असं, की याच जातीच्या रीडवर, असेच पक्के स्वर लावलेल्या वाद्यावर, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला लोकांनी मींड घेतली. वाद्य बनवणाऱ्यांनी ती योजलेली नव्हती. ज्यांनी ती शोधली ते कोणत्याही संगीतशाळेत गेलेले नव्हते. माझं आजचं म्हणणं थोडक्यात हे आहे: वाद्याची हद्द कारखान्यात आखली जाते, पण ती कुठवर जाते हे वाजवणारा ठरवतो. हार्मोनिकाच्या इतिहासाइतका याचा सरळ पुरावा दुसरा मला माहीत नाही.

शेंग ते ट्रॉसिंगेन

मोकळ्या रीडचं मूळ पूर्वेकडचं. चीनमध्ये शेंग नावाचं वाद्य फार प्राचीन काळापासून वाजतं. वाटीसारख्या हवेच्या पेटीत बांबूच्या नळ्या उभ्या खोचलेल्या, प्रत्येक नळीच्या बुडाशी एक रीड. फुंकलं तरी वाजतं, श्वास ओढला तरी वाजतं. अठराव्या शतकात बीजिंगला राहणाऱ्या अमियो या फ्रेंच जेझुइट पाद्र्यानं १७७७ साली शेंग पॅरिसला धाडली. तीन वर्षांनी क्रात्सेनश्टाइन नावाच्या प्राध्यापकानं मनुष्याच्या बोलण्यातले स्वर काढणारं यंत्र करून सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीचं बक्षीस मिळवलं. त्यातही अशी रीड होती. मग युरोपातल्या कारागिरांना जणू छंदच लागला.

हार्मोनिकाचा जनक म्हणून पुस्तकांत बर्लिनच्या फ्रीडरिश बुशमानचं नाव येतं आणि १८२१ हे साल येतं. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. गोष्ट छान आहे, पण आजचे अभ्यासक ती फारशी मानत नाहीत. त्याच दशकात व्हिएन्नाचे कारागीर अशी तोंडाची वाद्यं विकत होते, आणि तिथल्या राइनलाइननं १८२४ साली ‘चिनी पद्धतीच्या’ हार्मोनिकेचा सरकारी परवानाही घेतलेला होता. अनेक हातांनी एकाच वेळी केलेलं काम आहे हे. एकाच्या नावावर चढवायचं कारण नाही. १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या देबाँनं पायाच्या भात्याचं हार्मोनियम केलं, पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी त्याला हाताचा भाता देऊन जमिनीवर आणलं, आणि तिथून ते आपल्या रंगभूमीवर आलं. म्हणजे पेटी आणि माऊथ ऑर्गन ही एकाच घराण्यातली दोन भावंडं. एक बैठकीत बसलं, दुसरं खिशात गेलं.

ते खिशात गेलं ते मुख्यतः एका छोट्या गावामुळे. दक्षिण जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टच्या पूर्वेला ट्रॉसिंगेन आहे. जमीन बेताची, हिवाळा लांब. शेतीला जोडधंदा हवाच. ख्रिस्टियान मेसनरनं तिथे हार्मोनिका करायला घेतल्या आणि पद्धत घरातच राखली. माटियास होनर हा तिथला तरुण घड्याळजी. तो मेसनरच्या कामाच्या जागी जाऊन सगळं न्याहाळत बसायचा आणि शेवटी त्याला बाहेर काढलं, असं सांगतात. १८५७ साली होनरनं स्वतःचा धंदा मांडला. बायको आणि एक मदतनीस यांच्या जोरावर पहिल्या वर्षी ६५० नग झाले. तीस वर्षांनी, १८८७ मध्ये, त्याचा कारखाना वर्षाला दहा लाखांवर हार्मोनिका काढत होता.

हे कसं झालं? एक तर यंत्रं आली. दुसरं, आसपासच्या खेड्यांत घरोघरी काम वाटलं गेलं. पण खरं कारण अमेरिका. त्या काळात जर्मनीतून माणसांचे लोंढे अमेरिकेत जात होते, आणि होनरनं १८६०च्या दशकातच तिकडे माल पाठवायला सुरुवात केली. वाद्यावर स्वतःचं नाव कोरायचं, डबी देखणी करायची, ही अक्कलही त्याचीच. १८९६ मध्ये ‘मरीन बँड’ हे मॉडेल आलं: दहा छिद्रं, वीस रीड्स, पेअरच्या लाकडाची कंगव्यासारखी चौकट, वर-खाली दोन पितळी पत्रे, त्यांवर चकचकीत झाकणं, आणि हे सगळं खिळ्यांनी ठोकलेलं. नाव अमेरिकन मरीन कोअरच्या प्रसिद्ध बँडवरून घेतलेलं, कारण गिऱ्हाईक तिथलं. हे मॉडेल आजही बाजारात मिळतं.

दुसरं आणि तिसरं छिद्र

आता जरा आत शिरू. मी हा पांढरी एकचा माऊथ ऑर्गन सोबत आणलाय.

दहा छिद्रांत प्रत्येकी दोन स्वर: एक फुंकीचा, एक ओढीचा. फुंकीचे स्वर सोपे आहेत. सा ग प, सा ग प, सा ग प, शेवटी सा. कुठेही फुंका, बेसूर होणारच नाही. ओढीच्या बाजूला उरलेले स्वर बसवलेत. मधल्या सप्तकात, म्हणजे चौथ्या ते सातव्या छिद्रात, सगळे सात स्वर मिळतात. पण डावीकडच्या खालच्या सप्तकात बघा. ओढीला रे आहे, प आहे, नी आहे. मध्यम नाही. धैवतही नाही.

ही चूक नव्हे. ही मांडणी बोहेमियातल्या रिख्टर या कारागिराच्या नावानं ओळखली जाते आणि तिच्यामागे पक्का हिशेब आहे. जर्मन लोकगीतांना आणि वॉल्ट्झ-पोल्कासारख्या नाचांच्या चालींना साथीला मुख्यतः दोन कॉर्ड लागतात. खालच्या छिद्रांवर फुंकलं की सा-ग-प ही एक, ओढलं की प-नी-रे ही दुसरी. उजवीकडे चाल वाजवायची, जिभेनं छिद्रं झाकत-उघडत डावीकडे साथ द्यायची. शेकोटीपाशी बसलेल्या एकट्या माणसाची वाजंत्री एका हातात झाली. त्या सोयीची किंमत म्हणून मध्यम आणि धैवत गेले. रिख्टरच्या गिऱ्हाइकाला तिथे त्यांची गरजही नव्हती.

आता तिसरं छिद्र. फुंकीला प, ओढीला नी. मी नी ओढतो, आणि ओढता ओढता जिभेचा मागचा भाग खाली-मागे नेतो, जणू ‘ई’ म्हणता म्हणता ‘ऊ’कडे यावं तसं.

(इथे वक्त्यांनी तिसऱ्या छिद्रावर शुद्ध निषादावरून कोमल धैवतापर्यंत मींड घेऊन दाखवली.)

ऐकलंत? नी, मग कोमल नी, मग शुद्ध ध, मग कोमल ध, आणि त्यांच्यामधली सगळी जागा. कुठेही पायरी नाही. पट्टी तीच, तिला कुणी हात लावलेला नाही.

हे होतं कसं? एका छिद्राच्या कप्प्यात दोन रीड्स समोरासमोर असतात. ओढीच्या वेळी एकीनं वाजायचं, दुसरीनं गप्प राहायचं, अशी कारखान्याची कल्पना. पण वाजवणाऱ्याच्या तोंडाची पोकळी या कप्प्याला जोडलेली असते. जीभ मागे नेली की त्या पोकळीचा स्वतःचा नाद खाली उतरतो आणि रीडला आपल्याबरोबर ओढू लागतो. सूर उतरत जातो तशी वरच्या स्वराची रीड मंदावते आणि जिनं गप्प राहायचं होतं ती खालच्या स्वराची रीड थरथरायला लागते. दोघी मिळून मधला सूर धरतात. म्हणूनच दोन रीड्समध्ये जितकं अंतर, तितकीच मींड. तिसऱ्या छिद्रात नी आणि प, म्हणून मधले तीन स्वर. पाचव्यात म आणि ग हे शेजारी, तर तिथे हाती जवळजवळ काहीच लागत नाही.

आता दुसरं छिद्र. फुंकीला ग, ओढीला प. ओढीचा प खाली नेला की तीव्र मध्यम, आणि आणखी नेला की शुद्ध मध्यम. बघा, हरवलेला मध्यम दुसऱ्या छिद्रात सापडला आणि हरवलेला धैवत तिसऱ्यात. जे स्वर कारखान्यानं दिले नाहीत, ते दिलेल्या स्वरांच्या फटीत होते.

पेटीला हे का जमत नाही, याचंही उत्तर इथेच मिळतं. पेटीच्या रीडमागे भाता असतो. भात्याला जीभ नसते, टाळू नसते. हार्मोनिकाच्या रीडमागे थेट माणसाचं तोंड असतं, म्हणजे गायकाजवळ जे असतं तेच. आरोप रीडवर होता. खरी अडचण रीडच्या मागे काय जोडलंय याची होती.

पंचमाला सा मानणारे

ही युक्ती अमेरिकेच्या दक्षिणेत, मुख्यतः कृष्णवर्णीय वादकांच्या हातून फुलली. पहिल्यांदा कुणी केली त्याची नोंद नाही. पण १९२०च्या दशकातल्या ध्वनिमुद्रिकांत ती पूर्ण पक्व झालेली ऐकू येते, म्हणजे त्याआधीची वर्षं ओसऱ्यांवर आणि रेल्वेच्या कडेला गेली असणार.

त्यांनी दुसरीही एक गोष्ट केली, जी आपल्याला चटकन कळेल. ओढीचे स्वर मींडेला वश होतात हे कळल्यावर त्यांनी ओढीचा प हाच सा मानला. आपण याला मूर्च्छना म्हणतो. बिलावलाच्या पंचमाला सा मानलं की कोमल निषाद येतो आणि खमाज थाट उभा राहतो. मग या नव्या सा पासून मोजलं, तर तिसऱ्या छिद्राचा नी हा शुद्ध गंधार होतो आणि मींडेत कोमल गंधार मिळतो. त्या दोन गंधारांच्या मधली जागा म्हणजे त्यांच्या ब्लूज या संगीताचा जीव. जोग रागातले दोन गंधार कानात मुरलेल्या माणसाला तिथे क्षणभर ओळखीचं काही भेटल्यासारखं वाटतं. चलन अगदी वेगळं असलं तरी. जर्मन नाचासाठी सा-ग-प मध्ये बांधलेलं वाद्य या लोकांनी असं उलटं धरलं आणि फुंकण्यापेक्षा ओढण्याचं केलं.

हे करायला स्वस्त वाद्यच लागतं. मींड जोरात घेतली की रीड थकते आणि तुटते. लाकडी चौकट ओलाव्यानं फुगते आणि बाहेर आलेल्या कडा ओठ कापतात. तरी कित्येक वादक वाजवण्याआधी ती मुद्दाम पाण्यात बुडवायचे, कारण फुगलेलं लाकूड हवा गळू देत नाही आणि आवाज भरदार येतो. वाद्य लवकर खराब व्हायचं, पण नवं परवडायचं. सारंगीवर असा प्रयोग करायला कुणाची छाती झाली नसती.

या लोकांतला एकच माणूस जवळून बघू. डेफोर्ड बेली. जन्म १८९९, टेनेसी राज्य. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला आणि वर्षभर तो अंथरुणावर होता. हात तेवढे हलत होते, आणि हातात माऊथ ऑर्गन दिलेला होता. पडल्या पडल्या कुत्र्यांचं भुंकणं, कोंबड्या, लांबून जाणारी आगगाडी, जे कानावर येईल ते तो वाजवायचा. पुढे शाळेच्या वाटेवर रेल्वेचा पूल लागायचा. गाडी येईपर्यंत तो खाली थांबायचा आणि डोळे झाकून ऐकायचा. त्याची ‘पॅन अमेरिकन ब्लूज’ ही रचना म्हणजे नॅशव्हिलवरून धावणारी त्या नावाची गाडी. ओढ-फुंकीच्या तालात चाकं, मींडेत शिट्टी. आपल्याकडे तबल्यावर रेला वाजतो तसा इथे श्वासाचा रेला आहे, आणि गाडी वेग घेते तसा तो अडखळत सुरू होऊन भरधाव होतो.

डिसेंबर १९२७ मध्ये नॅशव्हिलच्या रेडिओवर आधी देशव्यापी शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम झाला, त्यातही आगगाडीवरची एक वाद्यवृंदाची रचना होती. लगेच पुढच्या स्थानिक कार्यक्रमात निवेदक जॉर्ज हे यानं बेलीला माइकसमोर उभं केलं. बेलीची गाडी निघून गेल्यावर जॉर्ज हे म्हणाला, की इतका वेळ आपण ‘ग्रँड ऑपेरा’ ऐकला, आता ऐका ‘ग्रँड ओल ऑप्री’. अमेरिकेच्या कंट्री संगीतातल्या सर्वात गाजलेल्या रेडिओ कार्यक्रमाचं बारसं असं माऊथ ऑर्गनच्या पाठोपाठ झालं. बेली त्या कार्यक्रमाचा पहिला कृष्णवर्णीय तारा. दौऱ्यावर त्याच्या नावानं तिकिटं खपायची. रात्री मात्र गोऱ्या सहकाऱ्यांच्या हॉटेलात त्याला खोली मिळायची नाही. १९४१ साली गाण्यांच्या स्वामित्वहक्काच्या भांडणात त्याला काढून टाकण्यात आलं. पुढची बरीच वर्षं त्यानं बूटपॉलिशचं दुकान चालवून पोट भरलं. १९८२ मध्ये तो गेला, आणि कंट्री संगीताच्या मानकऱ्यांत त्याचं नाव लागायला २००५ साल उजाडलं.

दक्षिणेतली माणसं कामासाठी उत्तरेकडे, शिकागोला गेली तेव्हा हे वाद्यही गेलं. तिथल्या गजबजलेल्या बारमध्ये विजेच्या गिटारांपुढे एवढ्याशा पत्र्याचा काय निभाव लागणार? लुइझियानाचा मॅरियन वॉल्टर जेकब्ज, म्हणजे लिटल वॉल्टर, यानं स्वस्तातला माइक आणि माऊथ ऑर्गन दोन्ही एकाच मुठीत घट्ट धरले आणि तो आवाज ॲम्प्लिफायरमधून फाटेपर्यंत सोडला. जो फाटका आवाज ध्वनिमुद्रकांना दोष वाटायचा, तोच त्यानं रंग म्हणून वापरला. १९५२ च्या ‘ज्यूक’ या त्याच्या वादनाच्या रेकॉर्डनं अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूज यादीत पहिला क्रमांक घेतला. १९६८ मध्ये, चाळिशीही न गाठता, रस्त्यावरच्या मारामारीनंतर तो गेला. पण आज जगात कुणीही माइकवर ब्लूज वाजवला तरी त्यात वॉल्टर ऐकू येतो.

बटणवाली बहीण

दुसऱ्या बाजूला असे लोक होते ज्यांना सगळे बारा स्वर राजमार्गानं हवे होते. त्यांच्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्रोमॅटिक हार्मोनिका आली. उजव्या टोकाला बटण. ते दाबलं की एक पट्टी सरकते आणि प्रत्येक स्वर अर्ध्या अंतरानं चढतो. म्हणजे पांढरी एक आणि काळी एक असे दोन माऊथ ऑर्गन एकाच पेटीत.

बाल्टिमोरच्या लॅरी ॲडलरनं हिला मैफिलीच्या मंचावर नेलं. १९२७ साली, तेराव्या वर्षी, इतर मुलं लोकगीतं वाजवत असताना त्यानं बेथोव्हनचा एक मिन्युएट वाजवून स्पर्धा जिंकली. पुढे दारियुस मियो आणि व्हॉन विल्यम्स यांच्यासारख्या रचनाकारांनी त्याच्यासाठी वाद्यवृंदासह रचना केल्या. मग अमेरिकेत कम्युनिस्ट-शोधाचं वारं आलं, ॲडलरचं नाव काळ्या यादीत गेलं आणि तो लंडनला जाऊन राहिला. तिथे ‘जेनेव्हिव्ह’ (१९५३) या चित्रपटाचं संगीत त्यानं दिलं. अमेरिकेत दाखवलेल्या प्रतींवरून त्याचं नाव उडवलं गेलं आणि ऑस्करचं नामांकन वाद्यवृंद-संचालक म्युर मॅथिसनच्या नावावर लागलं. ती दुरुस्ती व्हायला तीसेक वर्षं जावी लागली.

ब्रसेल्सच्या टूट्स थीलमान्सनं (१९२२–२०१६) हीच बटणवाली हार्मोनिका जॅझमध्ये रुळवली. जॅझमध्ये हे वाद्य नको म्हणणाऱ्यांशी त्यानं वाद घातला नाही. तो वाजवत राहिला आणि ‘ब्लूझेट’नंतर तो प्रश्न कुणी विचारेनासं झालं.

आपल्याकडे कोणता आला

पूर्वेच्या बहुतेक देशांत, आणि आपल्याकडेही, जो सर्वात जास्त खपला तो तिसराच प्रकार: ट्रेमोलो. छिद्रांच्या दोन ओळी, प्रत्येक स्वराला दोन रीड्स, आणि त्या दोघी मुद्दाम किंचित वेगळ्या लावलेल्या. त्यामुळे सूर लहरत येतो. जपानमध्ये पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हार्मोनिकांचे कारखाने निघाले, पुढे चीनमध्येही. आणि आशियाभर शाळांतून, वाद्यमंडळांतून हा लहरता आवाज पसरला. आपल्या बाजारातल्या चोवीस घरांच्या चिनी माऊथ ऑर्गनचा आवाज आठवा, तोच.

ट्रेमोलोत प्रत्येक रीडला स्वतःचा वेगळा कप्पा असतो. फुंकीची आणि ओढीची रीड एकमेकींना भेटतच नाहीत. त्यामुळे मघाशी ऐकवलेली ती मींड तिथे होत नाही. आपल्याकडच्या पिढ्यांनी माऊथ ऑर्गन म्हणून जो हातात घेतला तो असा होता, आणि म्हणून ‘यावर चाल वाजते, गाणं होत नाही’ हा समज रुजला. समज त्या मॉडेलपुरता बरोबर होता. आपण तो अख्ख्या वाद्यावर लादला.

मुंबईच्या चित्रपटसंगीतानं मात्र या वाद्याला खरा मान दिला. ‘सोलवा साल’ (१९५८) मधल्या हेमंतकुमारांच्या गाडीच्या डब्यातल्या गाण्यात माऊथ ऑर्गन वाजवला तो तेव्हा वडिलांच्या हाताखाली असलेल्या राहुलदेव बर्मन, म्हणजे पंचमदा, यांनी. ‘दोस्ती’ (१९६४) मध्ये तर वाद्य हेच पात्र झालं: एक मित्र आंधळा, तो गातो; दुसरा अपंग, तो माऊथ ऑर्गन वाजवतो. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या त्या संगीतात वाजवणारा हात पुन्हा पंचमदांचाच. आणि ‘शोले’ (१९७५). अमिताभचा जय रात्री पायऱ्यांवर बसून वाजवतो, समोरच्या गच्चीत जया भादुरी एकेक दिवा मालवत जाते. संवाद नाही. ती धून भानू गुप्तांनी वाजवलेली आहे. पंचमदांकडचे ते नावाजलेले गिटारवादक, आणि मूळचे माऊथ ऑर्गनवाले.

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. वाजवणारा माणूस रिकाम्या खिशाचा आहे. दिग्दर्शकांनी हे बरोबर ओळखलं होतं. सतारीला बैठक लागते, पियानोला बंगला लागतो. माऊथ ऑर्गन कुठेही जातो, आणि कुठेही म्हणजे अगदी कुठेही. १६ डिसेंबर १९६५ रोजी जेमिनी ६ यानातून गंभीर आवाजात ह्यूस्टनला कळवण्यात आलं, की ध्रुवांवरून जाणारं एक अनोळखी यान दिसतंय. आणि मग वॉली शिरानं लपवून नेलेल्या चार छिद्रांच्या हार्मोनिकावर नाताळची धून सुरू केली. सोबत टॉम स्टॅफर्ड घुंगरू वाजवत होता. अंतराळात वाजलेली पहिली वाद्यं ही. ती आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत.

हद्द कुणी ठरवायची

दहा छिद्रांच्या साध्या हार्मोनिकावर मींड घेऊनही काही स्वर उरत होते. तेही गेले. १९७०च्या सुमारास हॉवर्ड लेव्ही या शिकागोजवळच्या विद्यापीठात शिकणाऱ्या पोरानं काही छिद्रांत तोंडाचा आकार असा साधला, की वाजायची ती रीड अडून राहिली आणि दुसरी रीड उलट्या बाजूनं वाजून आणखी वरचा सूर देऊ लागली. त्या जोरावर बटणाविना बाराही स्वर मिळाले. रिख्टरची मांडणी तेव्हा पुष्कळ जुनी झाली होती, आणि एवढ्या काळात तिच्यात काही बदल केलेला नव्हता. आता कारखाने अशा वादकांना विचारून रीड्सची फट ठेवतात, चौकटीच्या लाकडाला लेप देतात, खिळ्यांऐवजी स्क्रू लावतात. कारखाना वादकाच्या मागून चालायला लागला.

म्हणून मला रेडिओच्या त्या बंदीकडे पुन्हा यावंसं वाटतं. पेटीला मींड येत नाही हे शास्त्रानुसार खरंच आहे. मी आत्ताच त्याचं कारण सांगितलं. पण बंदी घालणाऱ्यांनी वाद्याचा नकाशा पाहिला आणि निकाल दिला. त्याच वेळी आपल्याकडचे पेटीवादक भाता किती आणि केव्हा दाबायचा, बोट एका पट्टीवरून दुसरीवर कसं घसरवायचं, कुठली पट्टी वेळेआधीच सोडायची, याचा अभ्यास करत होते. मींड त्यांना मिळाली नाही, पण तिचा भास त्यांनी इतका पक्का केला की मैफिलीत गवयानं पेटीची साथ सोडली नाही. बेलीच्या हातातली रीड आणि टेंब्यांच्या हातातली रीड एकाच प्रश्नाला भिडलेल्या होत्या. एकाला तोंडाची पोकळी मिळाली, दुसऱ्याला नुसता भाता. दोघांनीही मिळालं त्यात न मिळालेलं शोधलं.

आज वाद्यांची नवी पिढी आपल्या घरात येतेय. मोबाइलमधला तानपुरा, संगणकावरची सारंगी, कीबोर्डवरची बासरी. त्यांच्याबद्दल जाणकार मंडळी म्हणतात, यात श्रुती नाहीत, यात जीव नाही. असतीलही त्यांचे आक्षेप खरे. पण ‘या वाद्यात हे येत नाही’ असं कुणी सांगितलं, तर त्याला एक विचारा: हे तुम्ही कारखान्याचा कागद वाचून सांगताय, की वाजवणारा ऐकून? कागदावरचं उत्तर आजचं असतं. वाजवणारा अजून शिकतोय.